मांजराच्या पोटातील केसांचे गोळे : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

होळी सरून उन्हाचा ताव वाढू लागला की मांजरांचे केस जास्त गळू लागतात आणि या सदराकडे येणाऱ्या पत्रांत केसांच्या गोळ्यांविषयीची पत्रे वाढतात. या वेळी निवडलेले सगळे प्रश्न त्याच विषयाचे आहेत. जागेअभावी पत्रे थोडक्यात दिली आहेत.

प्रश्न : आमची देशी मांजरी दोन वर्षांची आहे. गेल्या आठवड्यात तिने पोट जमिनीला टेकवून, मान पुढे काढून चार-पाच वेळा आचके दिले आणि बोटाएवढी लांब, करडी, ओलसर वस्तू बाहेर टाकली. आधी आम्हाला ती विष्ठाच वाटली. त्यानंतर मांजरी लगेच खेळायला लागली. हा आजार आहे का? आणि एवढे केस पोटात जातात कसे? (एक वाचक, पुणे)

उत्तर : तुम्ही जे वर्णन केले आहे तो केसांचा गोळाच आहे, आणि त्यानंतर मांजरी नेहमीसारखी खात-खेळत असेल तर काळजीचे कारण नाही. गोळा म्हटले तरी तो क्वचितच गोल असतो, कारण अरुंद अन्ननलिकेतून वर येताना तो दाबला जाऊन लांबट होतो. शंका असेल तेव्हा त्यावर थोडे पाणी टाकून काडीने उकलून पाहावे. केस असतील तर लोकरीसारखे तंतू सुटे होतात.

केस पोटात जाण्याचे कारण मांजराच्या जिभेत आहे. जिभेवर घशाच्या दिशेने वळलेले शेकडो टोकदार काटे असतात आणि ते आपल्या नखांप्रमाणेच केराटिनचे बनलेले असतात. अमेरिकेतील जॉर्जिया टेक या संस्थेच्या संशोधकांनी 2018 मध्ये दाखवून दिले की या काट्यांची टोके पन्हाळीसारखी पोकळ असतात आणि त्यांतून लाळ केसांच्या मुळांपर्यंत पोचते. अंग चाटताना गळालेले केस या काट्यांत अडकतात. काटे आतल्या बाजूला वळलेले असल्यामुळे मांजराला ते केस थुंकून टाकता येत नाहीत आणि गिळावेच लागतात.

गिळलेले केस पचत नाहीत, तरी निरोगी मांजरात त्यांतले बहुतेक अन्नासोबत पुढे सरकून विष्ठेतून बाहेर पडतात. थोडे केस जठरात मागे राहतात. कुत्र्याचे जठर रिकामे असताना त्यात उरलेसुरले पुढे ढकलणाऱ्या जोरकस लाटा उठतात, पण मांजराच्या जठरात त्या तितक्या जोरकस नसतात. म्हणून मागे राहिलेले केस एकमेकांत गुंतत जातात आणि शेवटी उलटीतून बाहेर येतात.

महिना-दोन महिन्यांतून एखादा गोळा पडला आणि बाकी सारे ठीक असले, तर तो मांजराच्या शरीरधर्माचा भाग समजावा. त्याहून जास्त वेळा पडू लागला तर मात्र घरातल्यांनी दोन प्रश्न विचारायला हवेत. मांजर नेहमीपेक्षा जास्त केस गिळते आहे का, की गिळलेले केस आतड्यांतून पुढे सरकत नाहीत? बाजारात मिळणारा बराचसा उपचार या प्रश्नांना वळसा घालून केला जातो. खालची बहुतेक पत्रे मी याच दोन प्रश्नांच्या अंगाने वाचली आहेत.

प्रश्न : आमच्या तीन वर्षांच्या पर्शियन बोक्याला दर आठ-दहा दिवसांनी गोळ्याची उलटी होते. दुकानदाराने एक पेस्ट दिली आहे. ती किती दिवस द्यावी? तो ब्रश करू देत नाही आणि पोटाखाली त्याच्या केसांच्या जटा झाल्या आहेत. (एक वाचक, ठाणे)

उत्तर : पेस्टविषयी आधी सांगतो. या पेस्टपैकी काहींत पेट्रोलियम जेली असते, तर काहींत माल्टचा अर्क आणि तेल असते. पेट्रोलियम जेली आतड्यात शोषली जात नाही, त्यामुळे केसांभोवती तिचा थर बसून ते पुढे सरकायला मदत होते. ती जेवणासोबत रोज देत राहिल्यास अन्नातील स्निग्धविद्राव्य जीवनसत्त्वांच्या शोषणात अडथळा येऊ शकतो. म्हणून दोन जेवणांच्या मधल्या वेळेत, पाकिटावर दिलेल्या प्रमाणात आणि केसगळतीच्या दिवसांपुरतीच ती द्यावी. तोंड उघडून देण्याची गरज नाही. पुढच्या पंजावर थोडी लावली की मांजर स्वतः चाटून घेते.

तुमच्या बोक्याच्या बाबतीत मात्र पेस्टपेक्षा फणीचा उपयोग कितीतरी अधिक होईल. जो केस फणीत आला तो पोटात जात नाही, इतका हा हिशेब सरळ आहे. लांब केसांच्या मांजराला रोज विंचरणे आवश्यक आहे. आखूड केसांच्या देशी मांजराला आठवड्यातून दोन-तीन वेळा पुरते. तो विंचरू देत नाही याचे कारण बहुधा त्या जटाच असतील. जट कातडीला सतत ओढत असते आणि फणी लागली की त्याला खरोखर दुखते. त्यामुळे आधी जटा काढून घ्याव्यात आणि विंचरण्याची सवय त्यानंतर लावावी.

जटा घरी कात्रीने कापू नयेत. मांजराची कातडी पातळ आणि सैल असते, ती जटेबरोबर वर ओढली जाते आणि कात्रीत सापडते. पोटाखाली आणि काखेत अशा जखमा होऊन टाके घालावे लागलेली मांजरे दवाखान्यात वारंवार येतात. पशुवैद्याकडून किंवा अनुभवी ग्रूमरकडून केस कापण्याच्या मशीनने जटा काढून घ्या, आणि बोका फारच बिथरत असेल तर पशुवैद्य त्याला गुंगीचे औषध देऊन ते काम करतील. त्यानंतर विरळ दातांची धातूची फणी घेऊन गाल आणि हनुवटीपासून सुरुवात करावी, कारण तिथे विंचरलेले बहुतेक मांजरांना आवडते. पहिले काही दिवस मिनिटभर विंचरून आवडता खाऊ द्यावा आणि तो कंटाळण्याआधीच थांबावे. मान, पाठ, मग कुशी असे पुढे जात पोट आणि मांड्यांची आतली बाजू सर्वांत शेवटी घ्यावी. विंचरून झाल्यावर ओला हात अंगावरून फिरवला की सुटे राहिलेले केस तळव्याला चिकटून येतात, आणि गळतीच्या दिवसांत ही युक्ती फार उपयोगी पडते.

मांजरांची केसगळती मुख्यतः दिवसाच्या लांबीवर अवलंबून असते. सदनिकेत रात्री उशिरापर्यंत दिवे चालू असतात, त्यामुळे पूर्णवेळ घरात राहणाऱ्या मांजरांचे केस थोड्याफार प्रमाणात वर्षभर गळत राहतात. म्हणून विंचरणे उन्हाळ्यापुरते ठेवू नये.

महिनाभर नीट विंचरूनही गोळे दर आठ-दहा दिवसांनी पडतच राहिले, तर दुसऱ्या प्रश्नाकडे, म्हणजे आतड्यांकडे वळावे लागेल. त्यासाठी तपासणी करून घ्यावी.

प्रश्न : आम्ही खेड्यात राहतो. मांजराला दूध-चपाती आणि उरलेला मासे-भात देतो. घरातली वडीलधारी मंडळी म्हणतात की चमचाभर एरंडेल किंवा खोबरेल तेल तोंडात ओतले की पोट साफ होऊन केस पडतात. हे योग्य आहे का? (एक वाचक, चिपळूण तालुका)

उत्तर : वडीलधाऱ्यांचा हेतू चांगला आहे, पण मांजराच्या तोंडात कोणतेही तेल बळजबरीने ओतू नये, ही विनंती मी अगदी कळकळीने करतो. मांजर मान झटकते, ओरडते आणि त्या क्षणी तेल श्वासनलिकेत जाऊ शकते. औषधाच्या दुकानात मिळणारे लिक्विड पॅराफिन तर सर्वांत धोक्याचे आहे. त्याला चव नसते आणि ते घशाला टोचत नाही, त्यामुळे फुफ्फुसात उतरतानाही खोकला येत नाही. त्यातून होणारा न्यूमोनिया बरा करणे फार अवघड असते. खोबरेल तेल किंवा तूप आतड्यात पचून शोषले जाते, म्हणून वंगण म्हणून त्याचा फारसा उपयोग होत नाही आणि जास्त झाले तर जुलाब होतात. एरंडेल तीव्र रेचक आहे. आतडे खरोखर अडलेले असताना ते दिले तर अपाय होतो.

खाण्याविषयी सांगायचे तर मांजर पूर्णतः मांसाहारी प्राणी आहे. टॉरिन हे पोषकद्रव्य त्याला प्राणिज अन्नातूनच मिळवावे लागते, आणि ते कमी पडले तर हृदय आणि डोळ्यांवर परिणाम होतो. दूध-चपातीवर त्याचे पोट भरते, पण पोषण होत नाही, आणि बहुतेक मोठ्या मांजरांना दूध नीट पचतही नाही. मासे द्यायचे तर उकडून, काटे काढून द्यावेत. कांदा आणि लसूण मांजराच्या रक्तातील तांबड्या पेशी नष्ट करतात, त्यामुळे कालवणातला मासा देऊ नये. शक्य तितका भाग मांजरांसाठीच्या संपूर्ण खाद्याचा असावा.

केस पुढे सरकण्यासाठी पाणी आणि थोडा तंतुमय अंश, दोन्ही लागतात. उकडून कुस्करलेला लाल भोपळा, मीठ-मसाला न घालता, एक-दोन चहाचे चमचे ओल्या खाण्यात मिसळता येतो. इसबगोल द्यायचा असेल तर साधा, साखर किंवा स्वाद नसलेला घ्यावा. पाव चहाचा चमचा पुरेशा पाण्यात भिजवून, फुगल्यावर खाण्यात कालवावा. कोरडा इसबगोल कधीच घालू नये, कारण तो आतले पाणी शोषून घेतो आणि बद्धकोष्ठ वाढवतो. मांजराला मुळातच तहान कमी लागते. डब्यातल्या किंवा पाऊचमधल्या ओल्या खाद्यात सुमारे 75 ते 80 टक्के पाणी असते, तर कोरड्या दाण्यांत ते जेमतेम 10 टक्के. म्हणून कोरडे खाद्य खाणाऱ्या मांजरासाठी पाण्याची दोन-तीन पसरट भांडी खाण्यापासून दूर, घरात वेगवेगळ्या ठिकाणी ठेवावीत.

प्रश्न : गेल्या पावसाळ्यापासून आमची मांजरी पोट आणि मांड्यांची आतली बाजू सतत चाटते. तिथले केस जवळजवळ गेले आहेत. गोळ्यांच्या उलट्याही वाढल्या आहेत. पिसवा मात्र दिसत नाहीत. (एक वाचक, सांगली)

उत्तर : तुमच्या पत्रात पहिल्या प्रश्नाचे उत्तर आहेच. ही मांजरी जास्त केस गिळते आहे आणि त्याचे मूळ पोटात नसून त्वचेत असावे. पिसवा दिसत नाहीत, यावरून त्या नाहीत असे ठरत नाही, कारण सतत चाटणारे मांजर पिसवा गिळूनही टाकते. घरच्या घरी एक परीक्षा करता येते. बारीक दातांची उवांची फणी शेपटीच्या बुडाशी आणि मानेवर खोलवर फिरवावी आणि फणीत येणारा काळा भुगा ओल्या पांढऱ्या कापसावर झटकावा. काही क्षणांत त्या काळ्या कणांभोवती तांबूस-तपकिरी वलय उमटले, तर ती पिसवांची विष्ठा आहे, म्हणजे मांजराचेच पचलेले रक्त. नुसती धूळ असेल तर असा रंग उतरत नाही.

काही मांजरांना पिसवेच्या लाळेची ॲलर्जी असते आणि मोजक्या पिसवांनीही त्यांना असह्य खाज सुटते. पावसाळ्यातील दमट हवा पिसवांना मानवते. मांजराच्या अंगावर दिसतात त्या पिसवा एकूण संख्येचा लहानसा हिस्सा असतात. अंडी, अळ्या आणि कोष अंथरुणात, सतरंजीखाली आणि फरश्यांच्या फटींत असतात. म्हणून मांजरासाठी असलेले मानेवर लावायचे औषध पशुवैद्याच्या सल्ल्याने दर महिन्याला, किमान तीन महिने लावावे, अंथरुणे गरम पाण्यात धुवावीत आणि घरातल्या प्रत्येक मांजर-कुत्र्यावर एकाच वेळी उपचार करावा. पिसवा गिळल्याने मांजराला टेपवर्मही होतात, तेव्हा जंताच्या औषधाविषयी त्याच वेळी विचारून घ्यावे.

इथे एक इशारा देणे मला आवश्यक वाटते. कुत्र्यांसाठीच्या पिसवांच्या काही औषधांत परमेथ्रिन असते. मांजराच्या यकृताला ते निष्प्रभ करता येत नाही, त्यामुळे मांजराला थरथर सुटते, झटके येतात आणि मृत्यूही ओढवतो. दोन्ही प्राणी पाळणाऱ्या घरांत हा अपघात सहज घडतो. कापूर घातलेले खोबरेल तेल किंवा कडुलिंबाचे तेलही अंगाला लावू नये, कारण अंगाला लावलेले सगळे शेवटी मांजराच्या पोटात जाते आणि कापूर त्याला विषारी आहे.

पिसवांचा बंदोबस्त होऊनही चाटणे थांबले नाही, तर खाद्याची ॲलर्जी, त्वचेतील सूक्ष्म किडे, बुरशी यांची तपासणी करावी लागते. खालच्या पोटाचे चाटणे कधी मूत्राशयाच्या दुखण्यामुळेही असते. घरात नवे मांजर, नवे बाळ किंवा घरबदल झाल्यावर ताणामुळेही काही मांजरे स्वतःला चाटत राहतात, पण शारीरिक कारणे एकेक करून बाजूला केल्याशिवाय तो निष्कर्ष काढू नये.

प्रश्न : आमचा बोका आठवड्यातून तीन-चारदा मान लांब करून खाली बसतो आणि गोळा काढायचा प्रयत्न करतो, पण काहीच पडत नाही. (एक वाचक, नागपूर)

उत्तर : असे वारंवार घडत असेल तर तो बहुधा उलटीचा प्रयत्न नसून खोकला असावा, आणि मांजरांमध्ये अशा खोकल्याचे एक प्रमुख कारण दमा हे आहे. दोन्ही वेळी बसण्याची ढब सारखी दिसते. उलटी येताना पोट आणि कुशी जोराने आत-बाहेर होतात आणि तोंडाला लाळ सुटते. खोकताना मान जमिनीलगत सरळ ताणलेली असते, छातीतून कोरडी घरघर ऐकू येते आणि शेवटी मांजर एक आवंढा गिळून उठून जाते. मोबाइलवर त्याचे चित्रण करून पशुवैद्याला दाखवावे, कारण दवाखान्यात गेल्यावर मांजर नेमके खोकत नाही. निदानासाठी छातीचा एक्स-रे काढावा लागेल. तोपर्यंत उदबत्ती, धूप, डासांची कॉइल आणि सिगारेटचा धूर त्याच्यापासून दूर ठेवावा आणि धूळ उडणारी वाळू बदलावी. तो गाढ झोपलेला असताना मिनिटाला होणारे श्वास मोजा. ते सर्वसाधारणपणे 30 च्या आत असतात. 40 च्या वर गेले तर त्याच दिवशी आणि तोंड उघडून धापा टाकू लागला तर तत्काळ दवाखाना गाठावा.

प्रश्न : मांजर गवत खाते ते केस पाडण्यासाठीच का? घरात गवत लावावे का? (एक वाचक, म्हापसा)

उत्तर : गवत खाऊन उलटी करणारी मांजरे असतात, पण बऱ्याच मांजरांना गवत खाल्ल्यावर उलटी होत नाही, त्यामुळे ते केस पाडण्यासाठीच खातात असे म्हणता येणार नाही. तरीही ती आवड निरुपद्रवी आहे. घटस्थापनेला पेरतो तसे गहू कुंडीत पेरले की आठवड्याभरात पुरेसे गवत मिळते आणि औषध फवारलेल्या बाहेरच्या गवतापासून मांजर दूर राहते. लिलीची फुले असलेला गुच्छ मात्र मांजराच्या घरात आणू नये. पाने, परागकण आणि फुलदाणीतले पाणीसुद्धा त्याची मूत्रपिंडे निकामी करू शकते.

प्रश्न : केसांचा गोळा आतड्यात अडकतो का, आणि ते घरी कसे ओळखावे? आमच्याकडे संक्रांतीला पतंगांचा मोठा उत्सव असतो. एकदा मांजराच्या तोंडातून दोरा लोंबताना दिसला होता, म्हणून विचारते. (एक वाचक, येवला)

उत्तर : केसांमुळे आतडे पूर्ण बंद होणे दुर्मीळ आहे, पण घडते, आणि तसे झाल्यास शस्त्रक्रियेशिवाय इलाज नसतो. खाल्लेले आणि प्यायलेले सारे पुन्हा पुन्हा उलटून पडणे, आचके देऊनही काही न निघणे, दोन दिवस शी न होणे, पोट फुगणे किंवा हात लावू न देणे, आणि कोपऱ्यात दडून बसणे ही लक्षणे दिसताच पेस्ट, भोपळा, इसबगोल सारे थांबवून पशुवैद्याकडे जावे. मांजराने चोवीस तास काहीच खाल्ले नाही तर एवढे एकच लक्षणही पुरेसे समजावे. विशेषतः जाड मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिले तर शरीरातली चरबी यकृतात साठून यकृतच निकामी होऊ लागते. हा दुसरा आजार मूळ आजाराहून भारी पडू शकतो.

दोऱ्याविषयी तुम्ही विचारले ते फार बरे केले. तोंडातून किंवा गुदद्वारातून लोंबणारा दोरा कधीही ओढू नये. मांजा, शिवणाचा दोरा, गजऱ्याचा दोरा यांचे एक टोक पुष्कळदा जिभेच्या मुळाशी अडकते आणि दुसरे आतड्यात उतरते. आतडे ते पुढे ढकलू पाहते आणि दोऱ्यावर चुण्या पडून गोळा होत जाते. अशा वेळी ओढले तर ताणलेला दोरा आतड्याला चिरतो. लोंबते टोक तसेच राहू द्यावे, खायला काही देऊ नये आणि ताबडतोब निघावे.

तालुक्याच्या दवाखान्यात मुख्यतः गुरांवर उपचार होत असले, तरी तपासणी आणि सलाइनची सोय तिथे होऊ शकते, त्यामुळे आधी तिथे जाण्यात कमीपणा मानू नये. सोनोग्राफी किंवा शस्त्रक्रिया लागणार असेल तर तिथले डॉक्टर मोठ्या रुग्णालयाकडे पाठवतील. मुंबईत परळ येथे, नागपूरला आणि सातारा जिल्ह्यात शिरवळला शासकीय पशुवैद्यक महाविद्यालयांची रुग्णालये आहेत.

प्रश्न : आमचा बोका अकरा वर्षांचा आहे. आठवड्यातून दोनदा उलटी होते, कधी केस असतात, कधी नुसते अन्न. खातो भरपूर, पण बारीक झाला आहे. शेजारी म्हणतात, केसच आहेत, वयामुळे होते. (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : या अंकातील पत्रांत मला सर्वांत जास्त काळजी तुमच्या बोक्याची वाटते. उलटीत केस दिसले म्हणजे उलटीचे कारण केस, असे नसते. आतड्याला जुनाट सूज असेल तर त्याची हालचाल मंदावते, केस मागे साचतात आणि उलटीबरोबर बाहेर येतात. भरपूर खाऊनही वजन उतरणे हे उतारवयातील मांजरांत थायरॉइड ग्रंथीच्या अतिकार्याचे ठळक लक्षण आहे. मूत्रपिंडाचा विकार, आतड्याची जुनी सूज आणि आतड्यातील लिम्फोमा नावाचा कर्करोगही अशाच रूपात समोर येतात. यांपैकी बऱ्याच विकारांवर औषधे आहेत आणि निदान लवकर झाले तर मांजर पुढे चांगले जगू शकते.

रक्त आणि लघवीची तपासणी, थायरॉइडची पातळी आणि पोटाची सोनोग्राफी यांविषयी पशुवैद्याला स्वतःहून विचारा. बोक्याला उचलून वजनकाट्यावर उभे राहा, मग एकट्याचे वजन घ्या आणि फरक लिहून ठेवा. चार किलोच्या मांजराचे चारशे ग्रॅम उतरले तर त्याच्या शरीराचा दहावा भाग गेला, आणि अंगावरच्या केसांमुळे तो डोळ्यांना दिसत नाही. काटा घरचा असेल तर शंभर-दोनशे ग्रॅमची चूक होऊ शकते, म्हणून दवाखान्यातही वजन करून घ्या. उलटीची तारीख, तिच्यात काय होते आणि ती खाण्यानंतर किती वेळाने झाली, हेही त्याच वहीत लिहा आणि वही सोबत न्या. तपासणीची वेळ याच आठवड्यातली घ्या.